तारवांत पाणी येतें कोठून?

गळतीचा एक विलक्षण स्वभाव आहे. ती जेथें दिसते, तेथें ती बहुधा नसते. हें विधान प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या गृहस्थांनीं आमच्या खारघरच्या एखाद्या इमारतींत दोन-चार पावसाळे काढले असतील, त्यांस तें समजावून देण्याची आवश्यकता पडणार नाहीं. आषाढांत निजावयाच्या खोलीच्या छतावर ओल उमटते. गवंडी येतो, त्या ओलीवर सिमेंट थापतो आणि पैसे घेऊन जातो. श्रावणांत तीच ओल हातभर अंतरावर पुन्हा हजर होते. कारण पाणी शिरलेलें असतें गच्चीच्या भलत्याच कोपऱ्यांत. तेथून तें लादीखालून, सळईच्या कडेनें, उतार सांपडेल तसें वाहत येतें आणि जेथें त्याची वाट खुंटते तेथें थेंबरूपानें प्रकट होतें. पावसाळ्यांत पांडवकड्याच्या बाजूस फिरावयास जाणारांनीं पाहिलेंच असेल कीं, खडकांतून झरा एके ठिकाणीं फुटतो आणि त्याचें पाणी मुरलेलें असतें डोंगराच्या माथ्यावर दूर कोठेंतरी.

शाळेंत गणित शिकवितांना आम्हांला याच प्रकाराचा अनुभव नित्य येत असे. मुलाचें उत्तर शेवटच्या ओळींत चुकलेलें दिसे. पण चूक तेथें झालेली नसे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळींत हातचा एक विसरला, तेथें ती गुपचूप शिरलेली असे आणि पुढील सर्व ओळींतून शहाजोगपणानें चालत खालपर्यंत आलेली असे. शेवटची ओळ खोडून तेथें नवा आंकडा लिहिल्यानें गणित सुटत नसे. एक एक पायरी तपासत वर जावें लागे.

घरांतील गळतीनें भिंतीचा रंग बिघडतो, कपाटांतील कपड्यांस वास येतो आणि घरांतील वडील माणसांचें मन चिडतें. याहून मोठी हानि क्वचितच होते. पण भर समुद्रांत, चारी बाजूंस पाणी असतांना, आपल्या तारवाच्या बुडांत पाणी वाढूं लागलें तर हाच प्रश्न प्राणांशीं येऊन भिडतो. थोडा हिशेब करून पाहूं. पाण्याच्या पातळीखालीं दोन फुटांवर तारवाच्या कुशीस एक इंच व्यासाचें भोंक पडलें, तर त्यांतून आरंभीं दर मिनिटास सुमारें ६० लिटर पाणी आंत येतें. म्हणजे न्हाणीघरांतील मोठी बादली पंधरा-वीस सेकंदांत भरते आणि तासाभरांत साडेतीन टनांच्या आसपास भार आंत येऊन पडतो. माणूस एकटा असेल, तर पाणी उपसावें, शिडें सांभाळावीं कीं सुकाणू धरावें? आणि भोंक आहे कोठें, हें ठाऊकच नसेल तर?

अशा प्रसंगीं एका माणसानें आपल्या तारवाची गळती कशी शोधून काढली, याची हकीकत आम्ही या लेखांत सांगणार आहों. ती सांगण्याचें विशेष कारण हें कीं, तें तारूं परदेशांत जन्मलेलें नव्हतें. तें आपल्या मुंबईस, कुलाब्याच्या कारखान्यांत, आपल्याकडील सुतारांच्या हातून घडलें होतें. खारघरच्या पायथ्यास लागणारी पनवेलची खाडी पुढें मुंबई बंदराच्या पाण्यास मिळते आणि त्याच बंदराच्या मुखाशीं कुलाबा उभा आहे. त्या दृष्टीनें पाहतां तें तारूं आमच्या शेजारचेंच म्हणावयास हरकत नाहीं.

या पाण्याचा आणि लांकडी नावांचा संबंध जुना आहे. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. त्यानंतर आगगाडी सुरू होईपर्यंत मुंबईहून पुण्यास जाणारे उतारू पनवेलपर्यंत होडीनें येत आणि तेथून पुढें घाटाची वाट धरीत. खाडींतून मचवे आणि पडाव माल घेऊन ये-जा करीत. मुंबईच्या गोदींत तर याहून मोठीं कामें होत होतीं. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्यानें पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजें बांधलीं. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें जहाज इंग्लंडमध्यें हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे. दोनशें वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या सागवानाची आणि त्यास आकार देणाऱ्या हातांची योग्यता यावरून वाचकांनीं ओळखावी.

आतां मूळ विषयाकडे वळण्यापूर्वीं लांकडी तारवाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. तारवाच्या तळाशीं एक जाड, लांबच लांब तुळई असते. ती त्याचा कणा होय. कण्यापासून दोन्ही अंगांस बरगड्या निघतात आणि बरगड्यांवर बाहेरून फळ्या जडवितात. फळीस फळी कितीही घट्ट लावली तरी मध्यें बारीक सांधा राहतोच. त्या सांध्यांत कापसाची किंवा तागाची पिळलेली वात छिन्नीनें ठोकून बसवितात आणि वरून लुकण भरतात. पुढें तारूं पाण्यांत उतरलें म्हणजे लांकूड पाणी पिऊन फुगतें, फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि सांधा आपोआप आवळतो. म्हणूनच नवें अथवा फार दिवस सुकविलेलें तारूं पाण्यांत सोडल्यावर पहिले कांहीं दिवस थोडें गळतेंच. अनुभवी तांडेल त्यास भीत नाहीं. तो वाट पाहतो. आपल्या कोळी बांधवांची पावसाळ्यांत होड्या काठावर ओढून ठेवण्याची आणि नारळी पौर्णिमेपूर्वीं त्यांची डागडुजी उरकण्याची जी पद्धत आहे, तींत सांधे तपासणें हें मुख्य काम असतें.

सर्व सांध्यांत नाजूक सांधा कण्यालगतच्या पहिल्या फळीचा. याचें कारण डोलकाठी. शिडांत वारा भरला म्हणजे डोलकाठीस दोन्ही बाजूंनीं बांधलेले दोर तारवाच्या कडा वर ओढूं पाहतात आणि स्वतः डोलकाठी आपल्या बुंध्यानें कण्यास खालीं रेटते. कडा वर आणि कणा खालीं, अशी ही ओढाताण दर लाटेसरशीं चालते. तिचा सारा जोर डोलकाठीच्या पायाजवळ, कणा आणि पहिली फळी यांच्या सांध्यावर येऊन पडतो. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याची विनंति आहे. पुढें ती उपयोगीं पडेल.

गळतीचा शोध घेण्याची रीत कोणती? नाविकांचे जे पिढीजात नियम आहेत, ते पाहतां आम्हांला आपल्या न्यायशास्त्राची आठवण होते. एक असतांना दुसरें असणें तो अन्वय, एक नसतांना दुसरें नसणें तो व्यतिरेक आणि शक्य तीं सर्व कारणें एक एक करून बाद करीत गेल्यावर जें उरतें त्याचा स्वीकार करणें तो परिशेष. बुडांत पाणी दिसलें कीं जाणता खलाशी प्रथम तें जिभेवर घेतो. पाणी गोड लागलें तर समुद्र निर्दोष ठरतो; मग पाऊस वरून शिरतो आहे किंवा पिण्याच्या पाण्याची टाकी फुटली आहे. खारट लागलें तर समुद्राचा माग काढावयाचा. एका थेंबानें अर्धी कारणें बाद होतात.

दुसरा प्रश्न वेळेचा. तारूं नांगरावर स्थिर असतांनाही पाणी वाढतें काय? वाढत असेल तर भोंक नेहमींच पाण्याखालीं आहे. तारूं उजवीकडे कललें असतांना वाढतें आणि डावीकडे कललें असतां थांबतें, असें असेल तर दोष उजव्या कुशींत, एरवीं पाण्याबाहेर राहणाऱ्या भागांत समजावा. वारा जोराचा असतांनाच पाणी येत असेल, तर ओढाताणीनें उघडणारा एखादा सांधा संशयित ठरतो. ज्या तारवांस एंजिन असतें, त्यांत पंख्याचा दांडा जेथें बुडांतून बाहेर पडतो ती जागा आणि सुकाणूचा दांडा या जागा आधीं पाहाव्या. कारण जेथें मनुष्यानें मुद्दाम छिद्र पाडलें आहे, तेथें पाण्यास निमंत्रणाची गरज नसते.

तिसरी गोष्ट, बूड कोरडें करणें. ओल्या जागेंत नवी ओल दिसत नाहीं. म्हणून सर्व पाणी उपसून, फडक्यानें टिपून, फळ्यांवर खडूची पूड किंवा कोरडें पीठ भुरभुरावें आणि दिवा घेऊन स्वस्थ बसावें. पाण्याची पहिली रेघ त्या पांढऱ्या पुडीवर उमटते. ती रेघ उलट दिशेनें चढत गेलें म्हणजे उगमापाशीं पोंचतां येतें. वरून येणाऱ्या पाण्याचा संशय असेल तर उलट प्रयोग करावा. नळीनें पाणी सोडण्यास सर्वांत खालच्या सांध्यापासून आरंभ करावा आणि एका वेळीं एकच जागा भिजवीत वर जावें. आरंभींच माथ्यावर पाणी ओतलें तर तें सर्व सांध्यांवरून वाहतें आणि अपराधी कोण, हें कळत नाहीं. तारूं ओहोटीस काठावर टेकवितां येत असेल तर आणखी एक सोपा उपाय आहे. तें आंतून थोडें भरावें आणि बाहेरून पाहावें. जेथून पाणी आंत येतें, तेथूनच तें बाहेर ठिबकतें.

आणि या सर्वांच्या आधीं एक सवय हवी. रोज ठराविक वेळीं पंप मारावयाचा आणि किती हात मारल्यावर बूड कोरडें झालें, तें वहींत टिपावयाचें. काल चाळीस, आज चाळीस, तर काळजी नाहीं. आज साठ, उद्यां नव्वद, तर शोध घेण्याची वेळ आली. घरांतील जमाखर्चाची वही ज्या भगिनी नेमानें लिहितात, त्यांस या सवयीचें महत्त्व सांगावयास नको.

आतां कुलाब्याच्या तारवाची गोष्ट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नांवाचे एक तरुण इंग्रज नाविक ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींवर अधिकारी होते आणि त्या निमित्तानें मुंबईस असत. त्यांनीं स्वतःसाठीं कुलाब्यास सागवानी तारूं बांधावयास दिलें. नॉर्वेच्या जीवरक्षक नौकांवरून बेतलेल्या एका जुन्या अमेरिकन आराखड्याप्रमाणें तें बांधलें गेलें. लांबी अवघी ३२ फूट, डोलकाठ्या दोन. सुतारांनीं तासणीनें लांकूड तासलें आणि दोरीनें फिरविण्याच्या सामत्यानें भोंकें पाडलीं. डिसेंबर १९६४ मध्यें नारळ फोडून तें पाण्यांत सोडण्यांत आलें. नांव ठेविलें ‘सुहेली’. इराणच्या आखातांतील अरब खलाशी आग्नेयेकडील वाऱ्यास हें नांव देतात. १९६५ च्या अखेरीस तें मुंबईहून निघालें आणि आफ्रिकेस वळसा घालून १९६७ सालीं इंग्लंडास पोंचलें.

पुढें १९६८ सालीं लंडनच्या ‘संडे टाइम्स’ या पत्रानें एक अभूतपूर्व शर्यत जाहीर केली. एकट्या माणसानें, कोठेंही बंदर न घेतां, शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची. असें तोंपर्यंत कोणीही केलेलें नव्हतें. नऊ जणांनीं त्यांत भाग घेतला. नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजीं फालमथ बंदरांतून निघाले तेव्हां त्यांचें वय २९ वर्षांचें होतें. त्यांची ‘सुहेली’ सर्वांत लहान नौकांपैकीं एक होती आणि ती जिंकेल असें फारसें कोणास वाटत नव्हतें.

पहिल्या कांहीं आठवड्यांतच पंपाचे हात वाढूं लागले. आफ्रिकेच्या पश्चिमेस केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेस तारूं आलें, तोंपर्यंत हें स्पष्ट झालें कीं बुडाशीं कांहीं तरी बिघडलें आहे. पुढें दक्षिण महासागर होता. तेथें शेंकडों कोस भूमि नाहीं आणि लाटा डोंगराएवढ्या उसळतात. गळतें तारूं घेऊन त्या पाण्यांत शिरणें म्हणजे उघड्या डोळ्यांनीं मृत्यूस भेटावयास जाणें. परत फिरावें तर शर्यत संपली.

आंतून पाहून उगम दिसेना, कारण बुडांतील पाणी कोठूनही आलें तरी सर्वांत खोल जागीं जमतें. तेव्हां वारा पडलेला एक दिवस पाहून नॉक्स-जॉन्स्टन यांनीं समुद्रांत बुडी मारली आणि तारवाच्या पोटाखालीं जाऊन प्रत्यक्ष पाहिलें. दोष समोर उभा होता. मोठ्या डोलकाठीच्या पायाजवळ, कणा आणि पहिली फळी यांच्या सांध्यांतील भरण सुमारें आठ फूट लांबीपर्यंत निघून गेलें होतें. कण्याखालून पलीकडे जाऊन पाहिलें तों दुसऱ्या अंगासही तीच अवस्था. तारूं लाटेवर वर-खालीं झालें कीं ती फट किंचित् उघडे आणि किंचित् मिटे.

येथें उतावळा माणूस लगेच फट बुजवावयास धांवला असता. नॉक्स-जॉन्स्टन वर येऊन प्रथम विचार करीत बसले. त्यांच्यापुढें खरा प्रश्न फटीचा नव्हता. फट कां पडली हा होता. बरगड्यांस कण्याशीं जोडणारीं जीं आडवीं लांकडें असतात तीं जर ढिलीं झालीं असतील, तर सारा सांगाडाच सुटत चालला आहे, असा त्याचा अर्थ झाला असता. मग वरून कितीही कापूस ठोकला तरी व्यर्थ. त्यांनीं आंत जाऊन तीं तपासलीं. तीं घट्ट होतीं. म्हणजे हाडें शाबूत होतीं, केवळ कातडें उसवलें होतें. इतकें निश्चित झाल्यावरच ते दुरुस्तीस लागले.

समुद्राच्या पाण्याखालीं पांच फूट, श्वास कोंडून, सांध्यांत कापूस ठोकणें ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नाहीं. गोरें अंग दिसून शार्क मासे आकर्षित होऊं नयेत म्हणून त्यांनीं गडद रंगाचे कपडे घातले, पायास सुरी बांधली आणि हातोडी दोरीनें खालीं सोडली. पण पुरेसा कापूस ठोकून होण्यापूर्वींच श्वास संपे आणि पुन्हा खालीं जावें तों ठोकलेला कापूस निसटून बाहेर आलेला असे. अर्ध्या तासाच्या श्रमानंतर त्यांनीं ती रीत सोडून दिली.

मग त्यांनीं शिंप्याचें काम हातीं घेतलें. कॅन्व्हसची सुमारें दीड इंच रुंदीची लांब पट्टी कापली, कापसाची वात तिच्यावर शिवली, त्या सर्वांस पाइन वृक्षाचें डांबर फांसलें आणि ठराविक अंतरावर तांब्याचे बारीक खिळे आधींच टोंचून ठेविले. आतां कापूस सांध्यांत दाबून खिळ्यांवर हातोडी मारली कीं पट्टी जागच्या जागीं धरून राहूं लागली. वरून तांब्याच्या पत्र्याची पट्टी ठोकली, म्हणजे वाहत्या पाण्यानें कॅन्व्हस फाटूं नये. मधेंच एक शार्क येऊन घिरट्या घालूं लागला. नॉक्स-जॉन्स्टन वर चढले, बंदूक घेऊन वाट पाहत बसले आणि तो टप्प्यांत येतांच त्यांनीं त्यास मारलें. मग कांहीं वेळ थांबून, दुसरा कोणी येत नाहीं अशी खात्री करून, ते पुन्हा पाण्यांत उतरले. एक बाजू पुरी झाली तों वारा सुटला. दुसरी बाजू पुढें वारा पडल्यावर पुरी केली. गळती जवळजवळ थांबली.

वाचकांपैकीं कोणी विचारील कीं, हा मुंबईच्या सुतारांचा दोष समजावयाचा काय? आमच्या मतें नाहीं. डोलकाठीची ओढाताण ज्या सांध्यावर पडते असें आम्ही वर सांगितलें, नेमका तोच सांधा उघडला होता. कोणत्याही देशाच्या सुतारानें बांधलेल्या तारवांत प्रथम तोच उघडतो. आणि सांगाडा तर जराही हलला नव्हता. पुढें या कामाची जी परीक्षा झाली, तीही पाहण्यासारखी आहे. सप्टेंबर १९६८ मध्यें, केप ऑफ गुड होप ओलांडल्यानंतर, एका प्रचंड लाटेनें ‘सुहेली’ आडवी पाडली. केबिनच्या कडेस चिरा पडल्या. तिचा माथा जागचा सरकला होता आणि पाणी आतां वरून येऊं लागलें. पिण्याच्या टाक्यांतील पाणीही दूषित झाल्याचें आढळलें; तेव्हांपासून शिडांवरून ओघळणारें पावसाचें पाणी सांठवून त्यावर भागवावें लागलें. पुढें रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारें यंत्र मोडलें. पण समुद्राच्या पाण्याखालचा तो सांधा टिकून राहिला. २२ एप्रिल १९६९ रोजीं, ३१२ दिवसांनीं, ‘सुहेली’ फालमथ बंदरांत परत आली. नऊ जणांपैकीं शर्यत पुरी करणारे नॉक्स-जॉन्स्टन हे एकटेच. कोठेंही न थांबतां एकट्यानें केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा कुलाब्याच्या सागवानावर झाली.

त्याच शर्यतींतील दुसऱ्या एका गळतीची हकीकत सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. ती फार दुःखद आहे. डोनल्ड क्रोहर्स्ट हे इंग्रज गृहस्थ तीन कुशींची नवी नौका घेऊन ३१ ऑक्टोबर १९६८ रोजीं निघाले. नौका घाईनें बांधलेली होती. कांहीं दिवसांतच एका कुशीच्या झांकणांतून पाणी आंत शिरत असल्याचें त्यांस कळलें; आणि उपसण्यासाठीं लागणारी पंपाची नळी बरोबर घ्यावयाची राहून गेली होती. क्रोहर्स्ट यांस आपली गळती ठाऊक होती. अशा नौकेनें दक्षिण महासागरांत जाणें शक्य नाहीं, हेंही त्यांनीं स्वतःच्या वहींत स्पष्ट मांडलें होतें. पण परत फिरावें तर कर्ज आणि लोकांची नजर त्यांची वाट पाहत होती. त्यांनीं गळती लपविली. ते अटलांटिक महासागरांतच फिरत राहिले आणि आपण पृथ्वीभोंवतीं चाललों आहों अशा खोट्या बातम्या रेडिओवरून धाडीत राहिले. १० जुलै १९६९ रोजीं त्यांची नौका समुद्रांत रिकामी तरंगतांना सांपडली. ते स्वतः पुन्हा दिसले नाहींत. नॉक्स-जॉन्स्टन यांनीं आपणांस मिळालेलें पांच हजार पौंडांचें बक्षीस त्यांच्या पत्नीस व मुलांस देऊन टाकलें.

या दोन पुरुषांत बुद्धीचा फरक नव्हता. क्रोहर्स्ट हे कुशल विद्युत्-तंत्रज्ञ होते. धैर्यही दोघांस होतें. एकानें समुद्राखालीं जाऊन फट डोळ्यांनीं पाहिली, तिचें कारण विचारलें आणि मगच हात लावला. दुसऱ्यानें फट पाहिली आणि ती जगापासून झांकली. झांकलेली गळती वाढतच जाते. तारवांत काय, माणसांत काय. आमच्या घरांतूनही असे प्रसंग येतात. मुलाचे गुण कमी होतात, कर्त्या पुरुषाचें कर्ज वाढतें, सुनेच्या मनांतील दुःख चेहऱ्यावर भलत्याच वेळीं उमटतें. आणि घरांतील मंडळी दिसणाऱ्या ओलीवर सिमेंट थापीत बसतात. मुलास शिकवणी लावतात, सुनेस माहेरीं धाडतात. पाणी मात्र दुसरीकडून येतच असतें.

‘सुहेली’ची एक शेवटची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. १९९७ मध्यें तिला लंडनजवळ ग्रीनिच येथील सागरी वस्तुसंग्रहालयांत सन्मानानें ठेवण्यांत आलें. तेथें ऊन नाहीं, पाऊस नाहीं, लाट नाहीं. पण त्या कोरड्या हवेंत तिच्या फळ्या आकसूं लागल्या आणि सांधे उघडूं लागले. समुद्रानें जें केलें नाहीं तें सुरक्षित खोलीनें आरंभिलें. २००२ सालीं नॉक्स-जॉन्स्टन यांनीं तिला तेथून परत नेलें आणि पुढें डागडुजी करून ती पुन्हा पाण्यांत सोडली.

त्यांची विद्या पुढें आपल्या देशांतही परत आली. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचें ठरविलें, तेव्हां ते २००६ सालीं इंग्लंडास जाऊन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याजवळ शिकले. त्यांची ‘म्हादेई’ ही नौका गोव्यास दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून निघून, वाटेंत चार बंदरें घेऊन, मे २०१० मध्यें ते परत आले. एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतर त्याच नौकेंतून अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ मध्यें कोठेंही न थांबतां ती प्रदक्षिणा पुरी केली. २०२५ सालीं तर गोव्यांतच ‘कौंडिण्य’ हें पुरातन पद्धतीचें जहाज तयार झालें. त्याच्या फळ्या खिळ्यांवांचून काथ्याच्या दोरीनें शिवलेल्या आहेत आणि सांध्यांत नारळाचा काथ्या घालून वरून राळ व माशाचें तेल लाविलें आहे. भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथांत समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत असें सांगितलेलें आहे. त्या परंपरेचा हा प्रत्यक्ष नमुना डोळ्यांपुढें आल्यानें आमच्यासारख्या जुन्या संस्कृतच्या विद्यार्थ्यांस फार समाधान वाटलें.

खाडीच्या काठीं होड्या काठावर ओढलेल्या असतात, तेव्हां आमच्या तरुण वाचकांनीं एकदां तेथें जावें. एखादा वृद्ध खलाशी होडीच्या पोटाखालीं वांकून सांध्यावरून बोट फिरवीत असलेला दिसेल. तो घाई करीत नाहीं. जेथें बोट ओलें होतें तेथें तो थांबतो, मागें जातो, पुन्हा कोरड्या जागेपासून आरंभ करतो. त्याच्याशीं दोन शब्द बोलावे. पाणी येतें कोठून, हें ओळखण्याची विद्या तो आनंदानें सांगेल. आणि ती केवळ होडीपुरती उपयोगाची नाहीं, हें ऐकणारास घरीं परत येतांना वाटेंतच कळून येईल.